घर आवरलं तरी आठ दिवसांत परत पसारा का होतो, आणि त्यावर करायचं काय

घर आवरलं, दोन दिवस मस्त वाटलं आणि आठवड्याच्या आत परत खुर्चीवर कपडे, टेबलावर कागद आणि कात्री कुठेय म्हणून घरभर शोधाशोध, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं बरीच वर्षं हेच चालू होतं आणि मला वाटायचं की आपल्याला शिस्तच नाही. पण शिस्त नाही म्हणावं तर सुट्टीच्या दिवशी सात सात तास न थांबता आवरलंय मी. चूक दुसरीकडेच होती. आवरताना मी बघायचे की दिसायला नीट दिसतंय का आणि सगळं आत मावतंय का, बस. वापरून झाल्यावर ही वस्तू परत इथे ठेवली जाईल का, ते पण दिवसभराचं दमलेलं असताना आणि दुसऱ्या हातात काहीतरी धरलेलं असताना, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

कसं होतं बघा, वस्तू काढताना माणूस कष्ट घेतो कारण ती त्याला हवी असते. स्टूल आणेल, वर चढेल, तीन डबे बाजूला करेल, पण काढेल. ठेवताना मात्र तिचं काम झालेलं असतं, त्यामुळे तेवढेच कष्ट उलट्या दिशेने कोणी घेत नाही, मी नाही आणि तुम्हीही नाही, आणि ती वस्तू जिथे हात मोकळा झाला तिथेच राहते. पसारा म्हणजे बहुतेक वेळा परत न ठेवलेल्या वस्तू. त्यामुळे खाली ज्या चुका सांगतेय त्या सगळ्या याच एका गोष्टीशी येऊन थांबतात, की ठेवायला सोपं आहे का.

सगळ्यात पहिली चूक आणि सगळ्यात जास्त लोक करतात ती, म्हणजे आधी डबे, बास्केट, ऑर्गनायझर आणणं. आवरायचं मनात आलं की पहिल्यांदा खरेदी सुचते, कारण खरेदी सोपी असते आणि काहीतरी सुरुवात केल्यासारखं वाटतं. पण आत काय ठेवायचंय, किती ठेवायचंय, मुळात ठेवायचंय का, हे ठरायच्या आधी डबा आला की मग डब्यात भरायला वस्तू शोधल्या जातात, आणि जे टाकून द्यायचं ते पण लेबल लावून व्यवस्थित राहून जातं. जपानी कारखान्यांमध्ये फाइव्ह एस म्हणून पद्धत वापरतात, त्यात पहिली पायरी सेइरी, म्हणजे लागणारं आणि न लागणारं वेगळं करून न लागणारं काढून टाकणं, आणि दुसरी सेइतोन, म्हणजे जे उरलं त्याला जागा ठरवून देणं. तिसरी साफसफाई, मग चौथी सगळीकडे एकच पद्धत ठरवणं आणि पाचवी ती टिकवणं. आपण घरी बरोबर उलटं करतो, दुसरीपासून सुरू करतो आणि पहिली राहूनच जाते.

डबे लागतातच, नाही असं नाही. पण ते शेवटी. आधी वस्तू कमी करा, मग उरलेल्या एखाद्या बुटांच्या खोक्यात किंवा रिकाम्या पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये ठेवून दोन-तीन आठवडे वापरून बघा, आणि ती जागा जमली तरच त्या मापाचं काहीतरी आणा. माप घेताना लांबी-रुंदी सगळे घेतात, खोली विसरतात. आणि दाराच्या बिजागऱ्या पण विसरतात, त्या आत येतात ना, मग ड्रॉवर किंवा बास्केट बाहेर ओढताना अडकते. अजून एक, गोल डबे दिसायला छान असतात पण गोल वस्तू चौकोनी जागेत ठेवली की साधारण ७८ टक्केच जागा वापरली जाते, बाकीची कोपऱ्यांमध्ये फुकट जाते. म्हणजे पाच गोल डब्यांमागे जवळजवळ एका डब्याएवढी जागा गेली. कपाट लहान असेल तर चौकोनीच घ्या. आणि शक्यतो पारदर्शक, कारण आतलं दिसलं नाही की माणूस तेच परत विकत आणतो.

दुसरी चूक, एका दिवसात सगळं घर. हे मी इतक्यांदा केलंय. सकाळी उत्साहात सगळं कपाट पलंगावर रिकामं करायचं, दुपारपर्यंत अर्धं होतं, संध्याकाळी कोणीतरी येतं किंवा अंगातली ताकद संपते आणि रात्री झोपायचं असतं म्हणून उरलेलं सगळं परत कपाटात कोंबायचं, आधीपेक्षा वाईट अवस्थेत. एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा आपला अंदाज मुळातच कमी पडतो. १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध पूर्ण व्हायला किती दिवस लागतील, तर सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती लागतील असं विचारल्यावर साधारण ४९. प्रत्यक्षात लागले ५५. म्हणजे सगळ्यात वाईट धरून केलेला अंदाज पण कमी पडला! घर आवरताना पण हेच होतं कारण आपण हात हलवायचा वेळ मोजतो, ठरवायचा वेळ मोजत नाही. एका ड्रॉवरमध्ये पन्नास वस्तू असतील तर ते पन्नास निर्णय असतात, आणि डोकं त्यानेच थकतं.

म्हणून एका वेळी एवढंच बाहेर काढा जेवढं अर्ध्या तासात परत आत जाईल. एक ड्रॉवर, एक शेल्फ, एक पिशवी, बास. आणि सुरुवात कुठून करायची तर जिथे रोज अडतं तिथून. बरेच जण माळ्यापासून सुरू करतात नाहीतर जुन्या फोटोंपासून, आणि हे दोन्ही सुरुवातीला घेऊच नका. माळ्यावरचं तुम्हाला रोज त्रास देत नाही, त्यामुळे ते आवरून रोजच्या जगण्यात काही फरक पडत नाही, आणि फोटो घेतले की माणूस बघत बसतो, मन भरून येतं आणि दिवस संपतो. बाथरूमचं कपाट, चपलांचा रॅक, दाराजवळचं टेबल असल्या ठिकाणापासून सुरू करा जिथे भावना गुंतलेली नाही. ठरवायची सवय होते हळूहळू, मग अवघड वस्तू पण जमतात.

आता टाकवत नाही हा प्रकार. याबद्दल लोक स्वतःला फार बोल लावतात आणि ते मला बघवत नाही, कारण यात तुमचा काही दोष नसतो, माणसाचं मनच तसं चालतं. १९९० साली डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना एकेक साधा कॉफीचा मग दिला आणि मग विचारलं की कितीला विकाल, आणि ज्यांना मग मिळाला नव्हता त्यांना विचारलं कितीला घ्याल. विकणाऱ्यांनी जी किंमत सांगितली ती घेणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होती. कॉफीचा मग तोच, हातात येऊन थोडाच वेळ झालेला, पण आपला झाला म्हणून किंमत वाढली. मग दहा वर्षं घरात असलेल्या वस्तूचं काय होत असेल विचार करा.

म्हणून हातात वस्तू धरून "हे टाकू का?" असं विचारलं तर उत्तर नेहमी नाही येतं. प्रश्न फिरवून विचारा, हे आज माझ्याकडे नसतं तर मी मिळवायला गेले असते का? या प्रश्नाने माझी अर्धी अडगळ गेली, खरंच. आणि महाग होतं म्हणून ठेवलेल्या वस्तूंबद्दल एवढंच लक्षात ठेवा की पैसे ज्या दिवशी दिले त्या दिवशीच गेले, वस्तू कपाटात ठेवून ते परत येत नाहीत, फक्त जागा अजून जाते. तरीही ठरत नसेल तर जबरदस्ती करू नका. असल्या सगळ्या वस्तू एका खोक्यात भरा, बाहेर तारीख लिहा, बाजूला ठेवा. सहा महिने त्यातलं काही काढायला लागलं नाही तर उत्तर मिळालं. काढायला लागलं तर ते पण उत्तरच, त्या वस्तूला नीट जागा द्या.

इथे दोन गोष्टी सांभाळा. एक, दुसऱ्याच्या वस्तू त्याला न विचारता टाकू नका, अगदी नवरा-बायको असले तरी, अगदी मुलं लहान असली तरी. माझी एक जुनी वही घरच्यांनी रद्दी समजून देऊन टाकली होती, लहान होते मी, आणि अजून ती वही आठवते. एकदा असं झालं की घरातलं माणूस आपल्या वस्तू लपवून ठेवायला लागतं आणि मग कधीच आवरू देत नाही. दुसरं, जे द्यायचं ठरवलंय ते घराबाहेर पडेपर्यंत ते काम संपलेलं नसतं. दाराशी "द्यायचंय" म्हणून ठेवलेली पिशवी महिनाभर तिथेच राहते, मग कोणीतरी तिच्यात हात घालतं, "अरे हे तर चांगलंय" म्हणून दोन वस्तू परत आत जातात. कोणाला द्यायचं आणि कधी नेऊन द्यायचं हे पिशवी भरतानाच ठरवा. जुना फोन किंवा कॉम्प्युटर देत असाल तर आधी त्यातला आपला डेटा काढून घ्या आणि मग फॅक्टरी रिसेट करा, हे घाईत राहून जातं.

कागदांवर जरा जास्त बोलते कारण तिथेच बहुतेक लोक हरतात. कागद आवरायचे म्हटलं की फार बारीक वर्गवारी करायचा मोह होतो. मी एकदा चौदा फायली केल्या होत्या, रंगीत, प्रत्येकीवर छापील लेबल, विजेची वेगळी, पाण्याची वेगळी, वॉरंटीची वेगळी, शाळेची वेगळी, अजून काय काय. महिनाभर चाललं ते. मग एक कागद आला जो दोन फायलींमध्ये बसत होता, मग एक आला जो कशातच बसत नव्हता, ते दोन्ही टेबलावर राहिले आणि त्यांच्यावर बाकीचे येऊन बसले. कागद ठेवताना विचार करावा लागला की कागद ठेवला जात नाही, इतकं साधं आहे हे.

आता माझ्याकडे तीनच आहेत. एक ट्रे, ज्यावर काहीतरी करायचंय त्या कागदांसाठी, पैसे भरायचे, सही करायची, उत्तर द्यायचं. एक जाड फोल्डर, जन्मभर लागणाऱ्या कागदांसाठी, जन्माचे दाखले, घराचे कागद, शिक्षणाची सर्टिफिकेट, विमा. आणि एक खोकं, वर्षाचं. बाकी सगळं त्यात, जसं येईल तसं, नवीन वरती. वर्गवारी शून्य. वर्ष संपलं की खोक्यावर साल लिहायचं आणि नवीन सुरू. काही शोधायचं असेल तर साधारण कधी आलं होतं ते आठवतंच, खोक्यात तेवढ्या थरापर्यंत खाली गेलं की सापडतं. वर्षातून चार वेळा पाच मिनिटं शोधायला लागतात, पण ठेवायला दोन सेकंद लागतात आणि ठेवणं रोज असतं. किती वर्षांपूर्वीचे कागद टाकून द्यायचे हे मात्र मनाने ठरवू नका, कर आणि मालमत्तेच्या कागदांचे जिथले तिथले नियम असतात ते बघूनच टाका.

विषयवार न लावता वेळेप्रमाणे लावायची ही कल्पना काही माझी नाही. जपानमधले अर्थतज्ज्ञ नोगुची युकिओ यांनी १९९० च्या दशकात अशीच पद्धत मांडली होती, सगळे कागद पाकिटांमध्ये घालून शेल्फवर उभे ठेवायचे आणि जे पाकीट वापराल ते परत ठेवताना कायम डाव्या टोकाला ठेवायचं. थोड्या दिवसांनी लागणारं सगळं आपोआप डावीकडे येतं आणि न लागणारं उजवीकडे सरकत जातं, वेगळं बसून निवडायची गरजच नाही. ज्यांच्याकडे कागद फार असतात त्यांनी ही नक्की करून बघा. एक अजून, दुकानातल्या मशीनमधून गुळगुळीत कागदाची पावती मिळते ना, तिच्यावर शाई नसते, उष्णतेने काळा होणारा लेप असतो आणि तो उन्हाने, उष्णतेने पुसट होत जातो. वॉरंटीसाठी ती जपून ठेवलेली असते आणि लागते तेव्हा कोरी. त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

बारीक वर्गवारीचंच दुसरं रूप म्हणजे झाकणं आणि थप्प्या. एकावर एक तीन डबे, प्रत्येकाला झाकण, आणि रोज लागणारी वस्तू सगळ्यात खालच्यात. फोटोत सुंदर दिसतं. आता ती वस्तू परत ठेवायच्या हालचाली मोजा: दार उघडा, वरचे दोन डबे काढा, झाकण उघडा, वस्तू ठेवा, झाकण लावा, डबे परत, दार बंद. कोण करेल? रोजच्या वस्तूला दोन हालचालींपेक्षा जास्त नकोत असा माझा नियम आहे, उघडा आणि ठेवा. एकीवर आलं तर उत्तम. म्हणून हँगरपेक्षा खुंटी टिकते, झाकणाच्या टोपलीपेक्षा उघडी टोपली टिकते.

आणि जागा ठरवायची कुठे, तर पसारा जिथे होतो तिथे. हे मला फार उशिरा कळलं. आठवडाभर काहीच आवरू नका, नुसतं बघा की ढीग कुठे साचतो. किल्ल्या कायम फ्रीजवर येऊन पडतात? मग घरातला प्रत्येक जण तुम्हाला सांगतोय की किल्ल्यांची जागा फ्रीजजवळ आहे, तिथेच हूक लावा. दाराजवळचा सुंदर की-होल्डर कितीही आवडला असला तरी सहा महिन्यांत कोणी वापरला नसेल तर तो चुकीच्या जागी आहे. कपडे बाथरूमच्या दाराबाहेर जमिनीवर पडतात तर धुवायच्या कपड्यांची टोपली तिथेच ठेवा, बेडरूमच्या कोपऱ्यात नको. माणसाला जागेकडे ओढण्यापेक्षा जागा माणसाकडे नेणं शंभरपट सोपं आहे. कात्री तीन ठिकाणी लागत असेल तर तीन कात्र्या ठेवा, त्याला मी अडगळ म्हणणार नाही.

उंचीचं पण बघा. कमरेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा सगळ्यात मोलाचा, तिथे फक्त रोजचं. जड वस्तू खाली, हलक्या आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या वर. जड वस्तू वर ठेवल्या की काढताना अंगावर येतात आणि उंच कपाट पुढे झुकायची भीती असते, घरात लहान मुलं असतील तर उंच कपाटं भिंतीला पक्की करूनच घ्या. आणि कुठलाच कप्पा गच्च भरू नका, पाचवा हिस्सा तरी रिकामा ठेवा. गच्च भरलेल्या कप्प्यातून वस्तू काढता येते, परत घालता येत नाही.

घरातल्या बाकीच्यांचं थोडक्यात. एकट्याने ठरवलेली व्यवस्था एकट्यालाच सांभाळावी लागते. कुठे काय ठेवायचं हे जो ती वस्तू वापरतो त्याला ठरवू द्या, तुम्हाला ते चुकीचं वाटलं तरी. मुलांच्या वस्तू मुलांच्या उंचीला, आणि वाचता येत नसेल तर डब्यावर चित्र. लेबलं मोठ्यांना पण लागतात, तुम्हाला माहितीये म्हणून ती नकोशी वाटतात पण पाहुणा आला, तुम्ही आजारी पडलात, की त्याच लेबलांवर घर चालतं.

मग सवय. २१ दिवसांत सवय लागते असं कोणीतरी सांगितलेलं असतं, बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की वाटतं आपल्याला जमणार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी यावर अभ्यास केला होता, ९६ जणांना घेऊन, २०१० साली तो छापून आला. एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागेपर्यंत मध्यावरच्या माणसाला ६६ दिवस लागले आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्यातच असंही दिसलं की मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. म्हणजे तीन आठवड्यांत झालं नाही तर तुम्ही अगदी बरोबर चाललाय. रोजची दहा मिनिटं ठेवा, आणि ती आधीच पक्क्या असलेल्या कामाला जोडा, रात्रीची भांडी झाली की लगेच, किंवा झोपायला जाताना. फक्त परत ठेवायचं त्या दहा मिनिटांत, पुसायचं नाही, नवीन काही लावायचं नाही, वस्तू आपापल्या जागी पोचवायच्या एवढंच. आणि जी वस्तू रोज रोज त्या दहा मिनिटांत हातात येते तिची जागा बदला.

एक "काहीही" ड्रॉवर ठेवा, ठेवाच. ज्या वस्तूचं काय करायचं कळत नाही तिला जागा नसेल तर ती टेबलावरच राहणार. पण एकच ठेवा, उथळ बघून, म्हणजे थर साचत नाहीत, आणि भरला की त्याच दिवशी उपसा. फक्त सुट्ट्या बॅटऱ्या त्यात टाकू नका, विशेषतः ती चौकोनी नऊ व्होल्टची, तिची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, त्यांना किल्ली, खिळा, स्टेपलरच्या पिना असं काही धातूचं लागलं की शॉर्ट होऊन तापते आणि आग लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळ्या डबीत ठेवा, आणि संपलेल्या असतील तर नेहमीच्या कचऱ्यात न टाकता बॅटऱ्या जमा करतात तिथे नेऊन द्या.